वजनदार भोवऱ्यांचा उन्हाळा

एप्रिल लागला की शेलूबाजारच्या स्टँडसमोरच्या दुकानात ते परत लटकायला लागतात. चिप्सच्या पाकिटांच्या माळेशेजारी, उन्हानं पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकमध्ये, लाल, निळे, चांदीच्या रंगाचे लढाऊ भोवरे. यंदाही लटकलेत. काल कारंज्याची जीप धरायला गेले तेव्हा दिसले आणि मी रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिले. खेळण्यावर माझा राग नाही. पण ते दिसले की त्यांच्याभोवती गोल करून उभी राहिलेली मोठी माणसं आठवतात, आणि उन्हात उभं राहणं बरं वाटतं.

दोन वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा. परीक्षा संपल्या होत्या. तुरी विकून झाल्या होत्या, हळद शिजवून अंगणात पसरली होती आणि तिचा कच्चा, मातकट वास घराच्या पडद्यांनासुद्धा लागला होता. पेरणीला दोन महिने अवकाश. आमच्याकडच्या पुरुषांना हे दोन महिने झेपत नाहीत. कामात असताना ही माणसं बरी असतात. रिकामी झाली की त्यांना मतं फुटतात, घामोळ्यासारखी, अंगभर.

त्या वर्षी ती मतं भोवऱ्यावर फुटली. हा भोवरा म्हणजे दोरीची जाळी गुंडाळून फेकायचा लाकडी भोवरा नव्हे. त्याचे तीन सुटे भाग: वर प्लास्टिकची टोपी, मधे धातूचं कडं, खाली टेकायला आर. तिन्ही एकमेकांत बसवायचे, लाँचरमध्ये अडकवायचे, दात्यांची पट्टी जोरात ओढायची आणि खोलगट ताटात दोन भोवरे एकदम सोडायचे. जो शेवटपर्यंत फिरत राहील तो जिंकला. मुलांनी हा खेळ जेमतेम आठ दिवस खेळला असेल. मग बापांनी तो हातात घेतला. "आमच्या टायमाले असे नव्हते बावा," असं म्हणत एकेक जण वाकायचा, ताटाशी बसायचा आणि उठायचाच नाही. पोरं मागे उभी राहून आपलीच खेळणी बघायची. त्यांच्या टायमाला लाकडी भोवरेसुद्धा पोरींच्या हातात कोणी दिले नव्हते, हे मला आठवत होतं. पण मला कोण विचारतंय?

या सगळ्यांचे गुरू होते माझे मोठे भाऊजी, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. त्यांचं कृषी केंद्र आहे. बियाणं घ्यायला आलेल्या माणसाला ते आधी एक सिद्धांत देतात आणि मग पिशवी. भोवऱ्याचा सिद्धांत त्यांनी पहिल्याच दिवशी काढला. "वजन. बाकी काई नाई. ज्याचं वजन जास्त, थो टिकते. माणसातबी तसंच हाये." त्यांच्याभोवतीच्या प्लास्टिकच्या खुर्च्या माना हलवायच्या. मी खुर्च्याच म्हणते. त्यांच्यावर बसलेल्यांत आणि त्यांच्यात मला त्या उन्हाळ्यात काही फरक दिसला नाही.

झालं असं की भाऊजींचा यश आणि माझा सोहम एकाच वयाचे, बारा-तेराचे, आणि एकाच वाड्यात शेजारी-शेजारी दोन घरं. यशला भाऊजींनी वाशीमला लेथवर जाड लोखंडी कडं कातून आणलं. सोहमकडे पाकिटातलं साधंच. तो रोज हरून यायचा, चप्पल भिरकावायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. एकदा मी म्हटलं, "दाखव बरं मला, कसा फिरतो."

"तुले काय समजते त्याच्यातलं?"

हे वाक्य त्याचं नव्हतं. त्याच्या बापाचं होतं, आणि बापाकडे ते भाऊजींकडून आलेलं. घरात वापरून वापरून गुळगुळीत झालेलं वाक्य. बारा वर्षांच्या तोंडात ते इतकं चपखल बसलेलं पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. मी भौतिकशास्त्रात पहिल्या वर्गात बी.एस्सी. केलेली बाई. ते प्रमाणपत्र कपाटात, रेशनकार्डाच्या खाली, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये झोपलेलं आहे. लग्नानंतर ते एकदाच बाहेर निघालं होतं, झुरळं झाली म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी स्टँडसमोरच्या दुकानातून चार भोवरे आणले आणि थेट सोनाराकडे गेले.

"काय वैनी, मोडायचं हाये का काई?" त्यानं काटा पुसत विचारलं. मी काचेच्या पेटीतल्या त्या ताटलीत प्लास्टिकची टोपी ठेवली. म्हातारा सोनार माझ्याकडे बघतच राहिला. मग कडं ठेवलं, मग आर. प्रत्येक आकडा वहीत लिहिला. दुकानात एक बाई मंगळसूत्र गाठवायला बसली होती, तिनं पदर तोंडाला लावला. सोनारानं मात्र तिसऱ्या भोवऱ्यानंतर स्वतःच चिमटा हातात घेतला आणि म्हणाला, "थांबा. हात नका लावू. हाताचा घामबी वजन धरते." सबंध गावात त्या उन्हाळ्यात मला भेटलेला तो एकच शहाणा पुरुष.

प्रयोग मागच्या खोलीत सुरू झाले, दुपारी. जेवणं होऊन सगळे कूलरच्या खोलीत घोरत पडले की मी मोठी परात फरशीवर ठेवायची. पण दोन भोवरे एकदम सोडायला दोन माणसं लागतात. तिसऱ्या दिवशी जाऊबाई विरजणाला दही मागायला आल्या आणि दारातच थांबल्या. कमलताई. भाऊजींची बायको, यशची आई. चौथीनंतर शाळा सुटलेली. बावीस वर्षं त्या घरात आणि बावीस वाक्यं बोलली असतील. मला वाटलं, आता ही जाऊन सांगणार. त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली, पदर खोचला आणि खाली बसल्या. "मले काय करायचं थे सांग."

कमलताईंचा हात म्हणजे विहिरीचा रहाट ओढलेला हात. पट्टी ओढली की लाँचर कळवळायचं. मी दोन्ही हातांनी वेगवेगळं सोडून पाहायचे. उजव्या हातानं माझ्या जोरानं, आणि डाव्या हातानं, कारण डाव्याचा जोर साधारण लहान मुलाएवढा असेल असं मी धरलं होतं. एका वेळी एकच भाग बदलायचा, बाकी दोन तेच. जागा आलटून पालटून, परातीला पोचा असला तर दोघांनाही सारखाच लागावा म्हणून. प्रत्येक जोडीच्या वीस लढती. वही भरत गेली. परातीचा खणखणाट ऐकून पलीकडून कोणीतरी कूस बदलायचं, आम्ही दोघी श्वास धरून बसायचो आणि मग कमलताईंना हसू यायचं. त्यांना हसताना मी त्याआधी पाहिलेलंच नव्हतं.

जे निघालं ते साधं होतं. वजन वरच्या टोपीत वाढवलं तर भोवरा लवकर डुलायला लागतो आणि कलंडतो. आरेत वाढवलं तर काहीच होत नाही. कड्यात वाढवलं तर फायदा, पण ते वजन कड्याच्या बाहेरच्या काठाला असेल तर. सारख्या वजनाची दोन कडी होती आमच्याकडे, एक आतून जाड, एक काठाला जाड. काठाचं जवळजवळ दर वेळी जिंकलं. आणि खरी गोष्ट पुढे होती. लेथवरच्या कड्याएवढं वजन आम्ही लोखंडी वायसर चिकटवून केलं. कमलताईंनी ते सोडलं की समोरच्याचा चेंदामेंदा. मी डाव्या हातानं तेच सोडलं की सुरुवातीलाच मंद, आणि हलक्या भोवऱ्यानं दोन धडकांत आडवं.

मी जडत्व वगैरे सांगायला तोंड उघडलं तर कमलताई म्हणाल्या, "जात्यावानी हाये. वरची पाळू जड असली तं पीठ चांगलं पडते, पन ओढनारीच्या अंगात दम पाह्यजे. नाई तं जातं जागीच रायते." मी तोंड मिटलं आणि वहीत तेच लिहिलं.

त्या वहीचा मला किती गर्व झाला होता! दुपारी मी ती वही भरायचे आणि संध्याकाळी ओट्यावर चहा देताना भाऊजींचा सिद्धांत ऐकायचे. कपबशी ठेवताना माझ्या ओठांच्या कोपऱ्यात एक घाणेरडं समाधान असायचं. बोलायचे मात्र काहीच नाही. तिरस्कार हा बिनकष्टाचा असतो, तो मनात बसूनही करता येतो.

फुटलं एका रविवारी. नवरा पाणी प्यायला उठला आणि दारात येऊन उभा राहिला. "तुमी दोघी... भवरे खेळून राह्यल्या?" संध्याकाळपर्यंत गावभर. त्या रात्री आम्ही त्यांच्याकडेच जेवायला होतो, भाऊजी ताटावर हसत म्हणाले, "आमच्या घरात शास्त्रज्ञ निंगाल्या, दोन-दोन. एकीले तं धापर्यंत मोजता येत नाई." कमलताईंनी त्यांच्या ताटात भाकर वाढली. सोहम जेवणावरून उठून गेला. दुसऱ्या दिवसापासून पोरं त्याला 'आईचा भवरा' म्हणायला लागली.

अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी भाऊजींनी बाजाराच्या शेडमध्ये स्पर्धा ठेवली. बक्षीस सायकल. तिला हार घालून मधोमध उभी केली होती. लाउडस्पीकर, थंड पाण्याचे जार, मागे भाऊजींचा हात जोडलेला फोटो असलेलं बॅनर. बॅनरवर भोवरा होता, पण फोटोपेक्षा लहान. आणि पैलवानांचं सांगतात तसं प्रत्येक भोवऱ्याचं वजन माइकवर पुकारायचं अशी त्यांची कल्पना, त्यासाठी सोनाराला काट्यासकट टेबलावर बसवलेलं. आकडा मोठा आला की खुर्च्या टाळ्या वाजवायच्या. माझ्या आयुष्यात मी अनेक मूर्ख समारंभ पाहिले आहेत. हा त्यांत बसवायलाही संकोच वाटेल.

सोहमला मी सकाळी आमचा भोवरा दिला होता. काठाला जाड कडं, हलकी टोपी, बेताचं वजन. त्यानं खिशात घातला. मी बायकांच्या रांगेत बसून बघत होते. त्याचं नाव येण्याआधी त्यानं तो खिशातून काढला आणि शेजारी उभ्या सुजाताच्या हातात कोंबला. सुजाता त्याच्याच वर्गातली, बौद्धपुऱ्यातली. वडील पोस्टात. तिच्या भोवऱ्याची आर त्याच सकाळी तुटली होती. "घे," तो म्हणाला, आणि मित्रांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बायकायचाच हाये." स्वतः कोणाचा तरी जड भोवरा उसना घेऊन ताटाशी बसला आणि पहिल्याच लढतीत हरला. पोरं हसली. तोही हसला, आणि ते हसू मला बघवलं नाही.

सुजाता जिंकत गेली. ओठ मिटून, पट्टी झटक्यात ओढत. शेवटी समोर यश. माइकवर पुकारा झाला, यश एक्कावन्न ग्रॅम, सुजाता एकोणचाळीस. शेडमध्ये हशा. तीनपैकी दोन लढती सुजातानं घेतल्या. दुसरीत यशचा तो लेथवरचा राक्षस ताटाच्या मधोमध बसून धापा टाकत थांबला.

हशा थांबला. भाऊजींनी माइक घेतला. "थांबा. तपासनी होईल. एवढुसा भवरा जिंकतेच कसा? आत लोहचुंबक असन."

सोनारानं भाग सुटे केले, पाहिले, म्हणाला, "काई नाई आत."

"मंग हे भाग येगयेगळ्या भवऱ्याचे हायेत. नियमात बसत नाई."

सुजातानं मान वर केली. "नियम कुठी लिहेल हाये?"

काय आवाज होता तो! मी महिनाभर जे मनात घोळवत, चघळत बसले होते ते त्या पोरीनं चार शब्दांत स्वच्छ बाहेर टाकलं. भाऊजी तिच्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, मोठ्याच्या मधात बोलू नोको." शेडच्या खांबाशी तिचे वडील उभे होते, ते दोन पावलं पुढे आले. खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. सायकलवरचा हार कोणीतरी उगाच नीट केला.

आणि माझ्या शेजारून कमलताई उठल्या.

"थो भवरा आमी बनवला," त्या म्हणाल्या. माइक नव्हता, पण शेड इतकी गप्प झाली होती की गरज पडली नाही. "उज्वलानं अन् म्या. त्याच्यात काई खोट नाई."

"तू बस खाली," भाऊजी म्हणाले.

त्या बसल्या नाहीत. चालत ताटापाशी गेल्या, यशच्या हातातून त्याचा भोवरा आणि लाँचर घेतलं आणि सुजाताला म्हणाल्या, "सोड." दोघींनी सोडले. जड भोवऱ्यानं हलक्याला ताटाबाहेर उडवला. खुर्च्या ओरडल्या. कमलताईंनी तोच भोवरा यशच्या हातात दिला. "आता तू." यशनं सगळा जोर लावून ओढला, मान लाल होईपर्यंत. त्याचा पुन्हा आडवा झाला. पोरगं रडायच्या बेतात आलं होतं. कमलताईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"यश माहाच पोरगा हाये. त्याचं अजून मनगट भरलं नाई. तुमी त्याच्या हातात बापाचं वजन देलं, थे त्याले कसं पेलन?"

मग त्या माझ्याकडे वळल्या. "उज्वला, वही काढ. वाचून दाखव सगळ्यायले."

वही माझ्या पर्समध्ये होती. पर्स माझ्या मांडीवर. समोर भाऊजी, नवरा, दीडशे खुर्च्या, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. ज्यांना मी महिनाभर मनातल्या मनात कस्पटासमान लेखलं, तीच माणसं.

"घरी राहिली," मी म्हणाले.

कमलताई रागावल्या नाहीत. तेवढं तरी करायला हवं होतं त्यांनी.

सायकल सुजाताला मिळाली. सोनारानं तिचं नाव निकालाच्या कागदावर आधीच लिहिलं होतं आणि खोडायला चक्क नकार दिला. भाऊजींना हे कळायला अर्धं मिनिट लागलं, आणि मग ते माइकवर म्हणाले, "आपल्या मातीतली लेक! तिचा मले अभिमान हाये!" सायकलच्या हँडलवर हात ठेवून फोटोही काढून घेतला. तो फोटो आजही कृषी केंद्रात लावलेला आहे. त्यात सुजाता कॅमेऱ्याकडे बघत नाही, तिच्या डोळ्यांत भाऊजींविषयी जे आहे ते भाऊजींना कधीच दिसलेलं नाही, आणि त्याखाली बसून ते आता ड्रोनच्या फवारणीवर मतं देतात.

त्या दिवशी घरी येताना सोहम माझ्या पुढे चालत होता. डांबर मऊ झालं होतं, चपला चिकटत होत्या. वळणावर तो थांबला.

"वही पर्समधीच व्हती ना? म्या पाह्यली."

मी हो म्हटलं.

"मोठी आई बोलली, अन् तू नाई बोलली." मग एकदम, "अन् मले एकदा तरी फेकू देला का तुनं? एकदा तरी? माह्यासाठीच करून राह्यली व्हती ना?"

खरंच नव्हता दिला. मी त्याच्या मनगटाच्या जागी माझा डावा हात ठेवला होता. तो पलीकडच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेला असताना मी वीस-वीस लढती मोजत होते, आणि एकदाही त्याला हाक मारली नाही, कारण त्याला काय समजतं त्यातलं, असं मलाही वाटत होतं. तेच वाक्य, फक्त मी मनात म्हणत होते. भाऊजींचा मी इतका तिटकारा केला, पण त्यांच्याहून मी काय वेगळं केलं होतं? त्यांनी निदान पोराच्या हातात काहीतरी दिलं तरी होतं, जड का असेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. सोहमनं उघडलं. बाहेर सुजाता, सायकल भिंतीला टेकवलेली. "आर झिजली," ती म्हणाली आणि दाराबाहेरच उभी राहिली. आमच्या घरात तिच्या पुऱ्यातलं कोणी मागच्या खोलीपर्यंत कधी आलेलं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. कमलताई तेव्हा माझ्याकडेच बसल्या होत्या. आदल्या दिवसापासून भाऊजी त्यांच्याशी बोलत नव्हते आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. त्या आतूनच ओरडल्या, "बाहेर काहून उभी हायेस ऊनात? आत ये. पानी पे."

ती आली. पाणी प्याली, आमच्याच तांब्यातून. परात मांडली. मी सवयीनं लाँचर उचललं.

"तू नोको फेकू," सोहम म्हणाला. "तू फक्त लिही."

मी वही उघडली. नव्या पानावर सोहम आणि सुजाता अशी दोन नावं लिहिली आणि मधे रेघ मारली. पहिल्या वेळी सोहम हरला. माझ्याकडे न बघता त्यानं कड्यातला एक वायसर काढला, आर पुसली, पट्टी परत घातली. मी त्याच्या नावापुढे फुली मारली. दुसऱ्या वेळीही हरला. आणखी एक फुली. कमलताई काही सुचवायला पुढे झाल्या, मी त्यांचा हात धरला. बाहेर वाळलेली हळद कोणीतरी पाट्यांत भरत होतं. सोहमनं मनगट झटकलं, सुजाताकडे पाहिलं.

"परत," तो म्हणाला.